सोनवणेकाकांची मॉक ड्रिल

सोनवणेकाकांनी मला पहिल्यांदा लुबाडायचा प्रयत्न केला, तेव्हा ते बरोबर माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर उभे होते. त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टी मला फोनमधूनही ऐकू येत होती आणि दुकानाच्या दारातूनही.

"मैं बैंक के हेड ऑफिस से बोल रहा हूँ," नाक चिमटीत धरून काढलेला आवाज. "आपका खाता आज बंद होनेवाला हय. जल्दी से वो सोळा... वो सोलह नंबर बताओ."

"काका, आधी कुकर बंद करा," मी म्हणालो.

मग फोन कट. थोड्या वेळाने स्लिपर फटफटवत काका खाली आले आणि माझ्या झेरॉक्स मशीनवर कोपर टेकून उभे राहिले.

"पास," ते गंभीरपणे म्हणाले. "पण काठावर. फोन लगेच ठेवायला हवा होता. तुम्ही बोलत बसलात. चोराशी बोलायचं नसतं, कुकरबद्दलसुद्धा नाही."

काका चोर नव्हते, हे वेगळं सांगायला नको. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत ते सेफ्टी खात्यात होते. धुळ्याकडून ऐन विशीत पोटासाठी बोईसरला आले आणि इथलेच झाले. आग लागली तर काय, वायू सुटला तर काय, टाकी फुटली तर काय, याची कामगारांकडून मॉक ड्रिल करून घेणं हे त्यांचं काम. आमच्या भागात मॉक ड्रिलचं कुणाला अप्रूप नाही. भोंगा झाला की नवा भाडेकरू दचकून दारात येतो, आणि जुना माणूस "ड्रिल असेल" म्हणून उरलेला चहा निवांत संपवतो.

या "ड्रिल असेल"वर काकांचा जन्माचा राग. कंपनीत ते ड्रिलची वेळ साहेबालासुद्धा सांगायचे नाहीत. "ड्रिल आहे हे कळलं की ती ड्रिल राहत नाही, कवायत होते," हे त्यांचं लाडकं वाक्य. एकदा म्हणे त्यांनी मुंबईहून आलेल्या बड्या साहेबालाच जेवणाच्या ताटावरून उठवून उन्हात असेंब्ली पॉइंटवर उभं केलं होतं. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे तयार असताना काकांनी स्वतःच भोंगा वाजवला. सगळी कंपनी धावत बाहेर आली. काकांनी एकेकाकडे बोट दाखवून डोकी मोजली, सगळे सुखरूप आहेत याची खात्री केली आणि मग म्हणाले, "चला, येतो मी."

त्यानंतर काही दिवस काका नुसते गॅलरीत उभे राहून रस्त्यावरची डोकी मोजायचे. मग त्यांच्या जुन्या खात्यातल्या एका माणसाला कुणीतरी फोनवरून गंडवलं. निवृत्तीची सगळी पुंजी गेली. काका त्याला भेटून आले आणि दोन दिवस गॅलरीतही दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक जुना फोन आणि नवं सिमकार्ड आणलं, आणि आमच्या इमारतीचं मन:स्वास्थ्य संपलं.

तसे ते आधीपासूनच सावध. आधारकार्डाची झेरॉक्स काढली की माझ्याच पेनाने तिच्यावर आडवं लिहायचे, "फक्त गॅससाठी". प्रत बिघडली तर ती मला टाकू द्यायचे नाहीत, तिथेच उभे राहून तिचे तुकडे करायचे आणि अर्धे तुकडे या खिशात, अर्धे त्या खिशात घालून दोन वेगळ्या कचराकुंड्यांत टाकायचे. एटीएममध्ये भर मे महिन्यात छत्री घेऊन जायचे आणि आत शिरल्यावर उघडायचे. बाहेरची रांग आत उघडलेली काळी छत्री बघत उभी राहायची. कुरियरवाल्याने "नाव काय?" विचारलं की म्हणायचे, "पाकिटावर काय लिहिलंय ते तुम्ही सांगा." मुलगी नंदुरबारला दिलेली. तिचा फोन आला तरी आधी प्रश्न, "आपल्या म्हशीचं नाव काय?" तिने "चांदी" म्हटल्याशिवाय बापलेकीचं बोलणं सुरू होत नसे.

आता मात्र त्यांनी सगळ्या इमारतीची जबाबदारी घेतली. त्यांच्याकडे चार आवाज होते. बँकेचा नाकातून, वीज तोडणाऱ्याचा घशातून, पार्सल अडवणाऱ्याचा तोंडात सुपारी धरून, आणि चौथा पोलिसाचा, जो काढताना त्यांना स्वतःलाच ठसका लागायचा. पाण्याच्या टाकीजवळ त्यांनी हिरवा बोर्ड लावला, "असेंब्ली पॉइंट". जो फसला त्याने संध्याकाळी तिथे यायचं आणि आपण कुठे चुकलो ते सर्वांसमोर सांगायचं. तळमजल्यावरच्या खोल्यांत राहणारे उत्तरेकडचे कामगार पाळीवरून दमून आलेले असायचे. तेही बिचारे उभे राहायचे. "चाचा बोले हैं तो आना पड़ेगा."

जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासळी घेऊन येणारी जनाबाईसुद्धा सुटली नाही. एकदा तिने टोपली भर रस्त्यात ठेवली आणि वर तोंड करून ओरडली, "ओ दादा! तुमी रोज रोज मना बॅंकेतना फोन का करता? माझ्या फोनात बॅंक नाय. नुसता नातीचा फोटो हाय. तो घेता का?"

"पास!" वरून आवाज आला. "शंभर टक्के पास!"

हसायला येतं, पण याचा परिणाम फार वाईट झाला. पहिल्या मजल्यावरच्या एका पोरीला खऱ्या कंपनीतून मुलाखतीसाठी फोन आला. तिने "काका, पुरे आता," म्हणून तो कापला आणि नोकरी गेली. एकाच्या सासऱ्यांनी अडचणीत दुसऱ्याच्या फोनवरून फोन केला, तर जावयाने त्यांना पोलिसात द्यायची धमकी दिली. पण मला विचाराल तर काकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. मी झेरॉक्सबरोबर ऑनलाइन फॉर्म भरून देतो. महिन्याला एखादा तरी माणूस दोन्ही हातांत फोन धरून दुकानाच्या पायरीशी येतो आणि म्हणतो, "बघा ना जरा, काय झालं हे?" बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. मी तरी काय बघू? तो मेसेज त्याने वाचलेला असतो, मीही वाचतो, आणि फोन त्याच्या हातात परत देतो. अशा दिवसांत एक म्हातारा नाक दाबून लोकांना शहाणं करायला निघाला होता. शहाणं कोण झालं, ते देव जाणे.

या सगळ्यात लताकाकू कधीच नापास झाल्या नाहीत. लताकाकू म्हणजे काकांची बायको. जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. काकू खाली उतरल्याला किती काळ झाला होता हे त्यांनाही आठवत नव्हतं. भाजी आणि मासळी त्या दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर ओढून घेत. जनाबाई खालून बोंबील दाखवी, काकू वरून मान हलवत. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. काकांनी त्यासाठी निवृत्तीची ठेव मोडून पैसे काकूंच्या खात्यात आणून ठेवले होते. तारीखही ठरत आली होती. "गुडघे झाले की पहिली खाली येणार," काकू गॅलरीतून मला सांगायच्या, "आणि त्या जनाबाईच्या टोपलीत हात घालून माझे मी बोंबील निवडणार. वरून मेले सगळे सारखेच दिसतात."

हे पैसे काकूंच्या खात्यात, काकूंच्याच फोनला जोडलेले, यामागे काकांचा हिशेब होता. त्यांचे स्वतःचे दोन्ही नंबर ड्रिलपायी गावभर झालेले. काकूंचा नंबर मात्र मुलगी सोडून कुणालाच ठाऊक नव्हता. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे लताचा फोन, असं ते मला एकदा इतक्या हळू आवाजात म्हणाले होते की मला दोनदा विचारावं लागलं.

काका दुपारी गच्चीवर जाऊन काकूंना फोन करत. काकू पहिल्या शब्दाला ओळखत. "अहो, ऊन किती आहे, या खाली. भाकरी गार होते." काका खट्टू होऊन खाली येत. सगळी इमारतच आता त्यांना ओळखू लागली होती. बँकेचा आवाज आला की लोक "काका, जेवलात का?" विचारून फोन ठेवत. मग सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरीने स्वच्छ सांगितलं, हे प्रकार बंद करा, लोकांना त्रास होतो. त्या दिवसापासून काकांचे फोन थांबले. हिरवा बोर्ड टाकीजवळच राहिला. कुणीतरी त्याच्यावर फडकी वाळत घालू लागलं.

त्यानंतर काका माझ्या दुकानासमोरून जात, पण थांबत नसत. "चहात साखर घालायची राहिली तरी बोलत नाहीत," काकू गॅलरीतून सांगत. "माणूस भांडत तरी होता हो. आता तेही नाही."

आणि मग एका सकाळी काका दुकानात आले आणि काउंटरवर कागद ठेवून म्हणाले, "याच्या प्रती काढा. मी ओटीपी दिला."

मी हसलो. मला वाटलं, नवी ड्रिल आहे. मीटिंगमध्ये बंदी घातली म्हणून आता समोरासमोर आलेत. "काका, हा आवाज कितवा?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. मी कागद बघितला. बँकेचा उतारा होता. गुडघ्यांचे पैसे गेले होते, एका दुपारी, लागोपाठ, जवळजवळ सगळे. मी मशीनचं झाकण उघडलं आणि कागद कसा ठेवायचा हेच मला क्षणभर सुचेना.

त्यांनी करायचं ते सगळं केलं होतं. हेल्पलाइनला फोन केला होता, पोलिसांत जाऊन आले होते, बँकेत गेले होते. सगळीकडे एकच प्रश्न, "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" आणि सगळीकडे काकांचं एकच उत्तर, "हो. मीच दिला." पैसे कुठल्या कुठे पुढे निघून गेले होते. तक्रारीचा नंबर मिळाला, अर्जाचा नंबर मिळाला, पैसे काही मिळाले नाहीत. मिळतील असं कुणी म्हणतही नव्हतं.

इमारतीने काय केलं? जे कुठलीही इमारत करते तेच. दोन दिवस हळहळली आणि मग हसली. जगाला शहाणपण शिकवणारा स्वतः आपटला, याचा आनंद लोकांना लपवता येईना. दुसऱ्या मजल्यावरच्या एका महाभागाने नाक दाबून काकांना फोन केला, "मैं बैंक के हेड ऑफिस से बोल रहा हूँ." मी तेव्हा काकांच्या शेजारीच उभा होतो. काकांनी फोन कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं आणि "बरोबर आहे, भाऊ," म्हणून ठेवला. मी त्या माणसाला खाली बोलावून चार शब्द सुनावले. तो म्हणाला, "अरे, गंमत केली." लोकांना लाज वाटत नाही, हे मला या वयात नव्याने कळायचं कारण नव्हतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

त्याच आठवड्यात काका आपलं आधारकार्ड माझ्या मशीनमध्येच विसरून गेले. बिघडलेल्या प्रतीचे तुकडे दोन खिशांत घालणारा माणूस, आणि मूळ कार्ड काचेवर पालथं पडलेलं. ते द्यायला मी वर गेलो. काका पुन्हा बँकेत गेले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या.

"ठेवा तिथं," त्या म्हणाल्या. मी कार्ड फ्रिजवर ठेवायला गेलो, तर त्या एकदम म्हणाल्या, "तिथं नको. टेबलावर ठेवा."

मी टेबलावर ठेवलं. काकू रडू लागल्या. मी खुर्ची ओढून बसलो.

"त्यांनी नाही दिला ओटीपी," त्या म्हणाल्या. "मी दिला. त्यांनी मला शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही. लोक हसतील तर मला हसू देत, म्हणाले. तुला वर बसून ते ऐकवणार नाही."

काका त्या दुपारी बाहेर पडले होते. काकूंना वाटलं, पूर्वीसारखे पुन्हा गच्चीवर गेले. थोड्या वेळात फोन वाजला. छान, मऊ, शुद्ध मराठी आवाज. मावशी, तुमचं खातं बंद पडणार आहे, कार्डावरचे आकडे वाचा बरं.

"नंबर मी कधी बघत नाही. मला वाटलं, यांनी नवा आवाज शिकला," काकू म्हणाल्या. "किती चांगला जमलाय, असं वाटलं हो मला. इतके दिवस घरात मुक्याने बसत होते. मीटिंगमध्ये सगळ्यांनी मिळून त्यांना गप्प केलं. म्हटलं, आपण तरी एकदा नापास होऊ या. धावत येतील खाली, ओरडतील, नापास, नापास म्हणून हसतील. म्हणून मी सगळं सांगितलं. कार्ड सांगितलं, येईल तो ओटीपी सांगितला. मध्ये मलाच हसू येत होतं. तो म्हणाला, मावशी, हसताय का? मी म्हटलं, काही नाही, काही नाही, तुम्ही विचारा."

काकूंनी गुडघ्यांवरची साडी सारखी केली.

"मग चहा टाकला. दोन कप भरले. ते आले, तर हातात भाजीची पिशवी. गच्चीवर नव्हतेच. बाजारात गेले होते. मी वाट बघत होते की आता म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी चपला काढल्या आणि म्हणाले, अगं, माझे दोन्ही फोन इथंच राहिले. आणि फ्रिजवरचा तो ड्रिलचा फोन उचलला." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "इथंच होता हो तो. माझ्या डोळ्यांसमोर."

"मग तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"एवढंच सांगितलं की फोन आला, मी घाबरले आणि नंबर देऊन बसले. ते एका शब्दाने रागावले नाहीत. पाठीवरून हात फिरवला, आणि पळत गेले बँकेत." त्या थांबल्या. "त्यांना वाटतंय, मी येडी, मी फसले. तसंच वाटू दे. यांची ड्रिल समजून दिला, हे कळलं तर तो माणूस उभा राहायचा नाही पुन्हा. गुडघ्यांचं काय, इतकी वर्षं काढली, पुढची काढीन. पण हे तुम्ही कुठं बोलू नका."

मी मान हलवली आणि उठलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काका वर येताना भेटले. एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्यात औषधाच्या दुकानातली कागदात गुंडाळलेली बाटली. उन्हाने चेहरा काळवंडलेला. मला पाहून ते थांबले, दम घेतला आणि पिशवी पायरीवर ठेवली.

"सांगितलं ना तिने तुम्हाला?" ते म्हणाले.

मी भिंतीकडे सरकून त्यांना वाट दिली.

"मला ठाऊक होतं. तिच्या पोटात काही राहत नाही." त्यांनी वर बघितलं, दार बंद आहे का ते पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"आदल्याच दिवशी मी तिला बोललो होतो. जेवताना. म्हटलं, लता, सगळ्या दुनियेने मला ओळखलं, तू तरी एकदा नापास हो की गं. गमतीत म्हटलं होतं." त्यांनी कठडा धरला. "तिने ड्रिल समजून तर दिला नाही ना? मी तिला विचारू शकत नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर मी काय करू? तेवढं सांगा. बाकी पैसे गेले ते गेले."

मी सोनवणेकाकांच्या डोळ्यांत बघितलं. या माणसाने हयातीत कुणाचं बोलणं पुराव्यावाचून मानलेलं नव्हतं.

"छे हो, काका," मी म्हणालो. "मी नीट विचारलं त्यांना. आवाज अगदी बँकेतल्या माणसाचा होता. तुमची आठवणसुद्धा झाली नाही म्हणाल्या. घाबरल्या, आणि फसल्या."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नुसती मान हलवली, दोनदा, तीनदा, आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

"बरं झालं," ते म्हणाले. "फसली ना नुसती? मग ठीक आहे. फसतात माणसं."

पिशवी उचलून, कठड्याला धरून ते एकेक पायरी वर गेले. मी तिथेच उभा होतो. दार उघडलं, आणि कितीतरी दिवसांनी काकांचा तो मोठा, कंपनीतला आवाज जिन्यात ऐकू आला.

"लता, पाय लांब कर. तेल आणलंय गुडघ्यांना."